चेहरा धुऊन मिळेल

फोटो धुणे हा शब्द जुन्या काळातला. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली, रसायनाच्या तबकात कागद हलवत बसायचे दिवस होते, तेव्हा फोटो खरोखरच धुतले जायचे. मग कॉम्प्युटर आला. तबकं भंगारात गेली, अंधाऱ्या खोलीत आत्याने पिठाचे डबे रचले. शब्द मात्र स्टुडिओतच राहिला, कारण शब्दाला जागा लागत नाही. बाबांच्या तोंडी आता धुणे म्हणजे चेहरा उजळणे. गिऱ्हाईक स्टुलावरून उठलं की बाबा विचारायचे, "साधा देऊ की धुऊन?" साधा मागणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. एका बेकरीवाल्याला तर त्यांनी इतका धुतला की त्याच्या आईने फोटो हातात घेऊन विचारलं, "हे पाहुणे कोण?" बाबांनी ही तक्रार मानली नाही. शाबासकी मानली.

बाबा स्वतः खाणीवरचे. खाणीवरचे म्हणजे ज्यांच्या आज्या-पणज्यांना कधीकाळी जहाजात भरून इथे कोळसा काढायला आणलं, ते. ते काळे होते. हा कोळशाचा रंग आहे, आंघोळी करतील तसा उतरेल, अशी गावाने स्वतःची समजूत घातली होती. पुढे खाण बंद पडली, तिच्यात पाणी भरलं, पाण्यात बदकं पोहू लागली, तरी रंग काही उतरेना. तेव्हा गावाला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटलं. गाव तसं मोठ्या मनाचं, भांडलं नाही. फक्त खाणीवरच्यांना घरं भाड्याने देणं बंद केलं.

स्टुडिओच्या मागेच बाबांचं घर होतं. घरात बाबा, त्यांची थोरली बहीण म्हणजे आत्या, आणि दोन मुलं. आई धाकटी रांगत असतानाच गेली. बैठकीच्या भिंतीवर सगळ्यांचे फोटो होते आणि घरचे म्हणून बाबांनी ते जास्तच मन लावून धुतले होते. भिंतीवर एक गोरं कुटुंब राहायचं, भिंतीखाली एक काळं. दोन्ही कुटुंबं एकमेकांना सांभाळून होती.

मोठ्याला सगळे खांब म्हणत. सतरावं लागलं तेव्हाच तो दाराच्या चौकटीतून वाकून यायला लागला होता. समारंभाचे फोटो असले की दिवा धरायला तोच जायचा. उंच हात, न हलणारा. कोणाच्या नाकाची सावली कोणाच्या गालावर पडणार हे त्याला आधीच कळायचं. धाकटी पंधराची, आणि तिचा कायद्यावर विश्वास होता. वयच तसं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलं होतं की कायद्यापुढे सगळे समान, आणि तिने त्याच्याखाली रेघ मारली होती.

"ए खांबा, तुला माहितीये का, संशयिताला शंकेचा फायदा मिळतो?"

"मला काल बसमध्ये जागा मिळाली नाही, मोकळी होती तरी. फायद्याचं तू बोलूच नकोस."

"तक्रार करायची!"

"केली ना. कंडक्टर म्हणाला, तू बसलास तर मागच्यांना रस्ता दिसणार नाही." आणि तो हसला. हसला की त्याला अजून वाकावं लागायचं.

गावच्या शाळेतले हेडमास्तर त्या हिवाळ्यात निवृत्त झाले. शाळेच्या हॉलमध्ये निरोप समारंभ होता. भाषणं झाली, पुष्पगुच्छ झाले, एक भिंतीवरचं घड्याळ झालं. दिवसभर मुलांना घड्याळ दाखवून दटावणाऱ्या माणसाला शेवटी घड्याळच देतात, ही जगाची रीत आहे. बाबा फोटो काढत होते, खांब दिवा धरून होता. शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो ठरला. हेडमास्तर भरून आले होते. त्यांनी हात केला, "अरे दिवेवाले, तूही ये! उभा राहा असा कडेला." खांबाने दिवा तिकाटण्यावर चढवला आणि उजवीकडे शेवटी जाऊन उभा राहिला. दिवा धरणारा कधी फोटोत येत नाही. त्या संध्याकाळी तो आला, तेवढ्याच एका फोटोत.

त्याच संध्याकाळी, त्याच सुमारास, गावाच्या दुसऱ्या टोकाला एका पोराची औषधवाल्याशी गोळ्यांवरून वादावादी झाली. पोराने ढकललं, औषधवाला पायरीवरून पडला, कंबरेचं हाड मोडलं. त्याने एवढंच सांगितलं की पोरगा खाणीवरचा होता आणि उंच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस स्टुडिओत आले. खांब तेव्हा झाडू मारत होता.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"हेडमास्तरांच्या निरोप समारंभाला."

"तू? तुला कोणी बोलावलं?"

"दिवा धरायला होतो."

"कोणी पाहिलं?"

"सगळा हॉल होता की साहेब!"

ओळख पटवायला त्यांनी चौघांना ओळीत उभं केलं. तिघं पोलीस ठाण्यातलेच शिपाई होते, गावातले, चौथा खांब. औषधवाल्याला खाटेवरून आणलं होतं. त्याने क्षणभरही न घुटमळता बरोबर ओळखलं.

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा दुकानाचं शटर अर्धं ओढून खालीच बसले. धाकटीने मात्र पदर खोचल्यासारखा दप्तराचा पट्टा खांद्यावर आवळला. "रडताय काय? सगळा हॉल साक्षीदार आहे. मी जाते प्रत्येकाकडे."

ती गेलीही. गणिताच्या बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, "अगं, दिवा आठवतो. चांगला लख्ख होता. पण दिव्यामागे कोण होतं ते कसं दिसणार? डोळे दिपतात ना." शाळेचा कारकून म्हणाला, "कोणीतरी होतं खरं. खोटं कशाला बोलू? पण कोण ते सांगितलं तर तेही खोटंच होईल." चित्रकलेचे सर म्हणाले, "मी तर डोळेच मिटले होते, फोटोतसुद्धा मिटलेलेच आलेत." सगळी माणसं चांगली होती. एकानेही दार लावून घेतलं नाही. हात तेवढे सगळ्यांनी वर केले.

हेडमास्तरांच्या बैठकीत तो फोटो लागलेलासुद्धा होता. समारंभ झाल्यावर रात्रीच बसून बाबांनी तो तयार केला होता, कारण हेडमास्तर मोठं गिऱ्हाईक. धाकटी फोटोसमोर उभी राहिली. उजवीकडे, शेवटी, सगळ्यांच्या वर डोकं काढून, तिचा भाऊ.

"सर! हा बघा! हा बघा ना!"

"आहे की फोटोत," हेडमास्तर चष्मा न लावताच म्हणाले. "मग काळजी कसली? मी येईन सांगायला. फोटो खोटं बोलत नाही, बाळ."

ती घरी पळत आली. तिला काहीही वावगं दिसलं नव्हतं. कसं दिसणार? जन्मापासून तिने भावाला दोन रंगांत पाहिलं होतं, एक जेवायला बसणारा, एक भिंतीवरचा. दोन्ही तिला खांबच वाटायचे. बाबांनी दुसरी प्रत काढली तेव्हा त्यांनाही काही दिसलं नाही. ज्याने आयुष्यभर साबण विकला त्याला साबणाचा वास येत नाही. आत्याने ती प्रत जाड पाकिटात घातली आणि पाकिटावर एकदा हात फिरवला.

मुलांचं कोर्ट म्हणजे कोर्टासारखं काही नसतं. लांब टेबल, आवाज करणारा पंखा, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. निवाडा करणाऱ्या मॅडम भल्या होत्या. आत्या उभीच होती तर त्यांनीच तिला बसायला सांगितलं. खांब एका बाकावर होता, गुडघे टेबलाला लागत होते म्हणून तिरका. धाकटीने त्याला लांबूनच अंगठा वर करून दाखवला. त्याने भुवया उडवल्या.

मॅडमनी पाकीट उघडलं. फोटो पाहिला, खांबाकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"ह्यात हा मुलगा कुठे आहे?"

"तो काय, मॅडम! उजवीकडे शेवटी!" धाकटी उभी राहूनच बोलली.

"हा?" मॅडमनी बोट ठेवलं. "पण हा तर गोरा आहे."

धाकटीने वाकून पाहिलं. आणि तिला पहिल्यांदाच दिसलं. एक गोरा, लांब, सरळ नाकाचा मुलगा हेडमास्तरांच्या कडेला उभा होता. देखणा होता. ओळखीचा नव्हता.

मॅडमनी हेडमास्तरांना पुढे बोलावलं. त्यांनी या वेळी चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला.

"हा कोण?"

"मुलं पुष्कळ होती. आमचाच कोणी माजी विद्यार्थी असावा. चांगल्या घरातला दिसतो."

"आणि दिवा धरणारा?"

"होता कोणीतरी. मी ओझरताच पाहिला. म्हणजे पाहिलाच असं नाही."

"सर, तुम्हीच बोलावलंत ना त्याला?" धाकटी ओरडली. "'अरे दिवेवाले, तूही ये' म्हणालात!"

हेडमास्तरांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी चष्मा काढला. "म्हणालो असेन. निरोपाच्या दिवशी माणूस पुष्कळ काही म्हणतो, बाळ."

बाबा खाली मान घालून बसले होते. धाकटी त्यांच्याकडे वळली. तिने त्यांची बाही धरली.

"बाबा, सांगा ना. तुम्ही केलंय ते सांगा. खरं सांगितलं की झालं! उठा ना, बाबा."

बाबा उठले. सवयीने त्यांनी आधी खोलीतला उजेड कुठून येतोय ते पाहिलं.

"मी धुतला, मॅडम."

"काय धुतला?"

"चेहरा."

"कोणाचा चेहरा?"

"ह्याचा. माझ्या मुलाचा."

टेबलाच्या टोकाला टाइप करणाऱ्या कारकुनाची बोटं थांबली. त्याला नक्की काय टाइप करावं ते कळेना. बाबांनी समजावून सांगितलं. आमच्या धंद्यात असं म्हणतात, रंग जरा वर घ्यायचा, सगळ्यांचाच घेतो, हेडमास्तरांचाही घेतलाय. हेडमास्तर खुर्चीत चुळबुळले. ही माहिती त्यांना नवी होती.

"पण ह्याचा इतका का?" मॅडमनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"फोटो बैठकीत लागणार होता, मॅडम. मोठ्या माणसाच्या. सगळी उजळ माणसं, आणि कडेला एक..." बाबा शब्द शोधत होते आणि त्यांना धंद्यातलाच सापडला. "एक डाग दिसला असता."

बाकावर खांब सरळ बसला. त्याचे गुडघे टेबलाला आपटले, आवाज आला. कोणी बघितलं नाही.

"मूळ फोटो असेल ना? न धुतलेला?"

"कॅमेऱ्याचं कार्ड पुसतो आम्ही. पुढच्या कामाला लागतं."

"रंगच बदललात की आणखी काही?"

बाबांनी धाकटीकडे पाहिलं. तिने मान हलवली, सांगा. खरं सांगा.

"नाक थोडं सरळ केलं. ओठ जरा. कुरळे केस असले की डोक्यावर गर्दी दिसते, म्हणून तेही जरासे."

"मग ह्यात तुमच्या मुलाचं उरलं काय?"

बाबांनी प्रामाणिकपणे फोटोकडे पाहिलं. प्रश्न त्यांच्या कामाचा होता आणि कामात ते चोख होते.

"उंची, मॅडम."

कारकून हसला. हसू आवरावं म्हणून त्याने खोकून घेतलं, मग शिपाईही खोकला. पोलिसांच्या बाजूचे वकील अजिबात हसले नाहीत. ते शांतपणे उठले आणि म्हणाले की ज्यांना रंग बदलता येतो, नाक बदलता येतं, केस बदलता येतात, त्यांना अख्खा मुलगा कडेला उभा करणं जड नाही. आम्ही यांना खोटं म्हणत नाही. हे स्वतःच म्हणतायत.

मॅडमनी फोटो पाकिटात परत घातला. पाकीट बाजूला सारलं. फार हळू सारलं. बापाची साक्ष बापाची असते, ती त्यांनी ऐकून घेतली होती. निकाल वाचताना त्यांनी चष्म्याची काच दोनदा पुसली. खांबाची रवानगी सुधारगृहात झाली, अठरा पूर्ण होऊन वर काही महिने जाईपर्यंत. बाहेर पडताना त्या धाकटीला म्हणाल्या, "अभ्यास सोडू नकोस हं."

खांबाला नेताना बाबा पुढे झाले. "अरे, मी..."

"बाबा," खांब म्हणाला. त्याचा आवाज अगदी घरातला होता. "माझा एकसुद्धा फोटो नाही का हो?"

बाबांना वाटलं तो पुराव्याबद्दल विचारतोय. ते म्हणाले, "शोधतो. कॉम्प्युटरमध्ये शोधतो."

शोधलंही त्यांनी. कॉम्प्युटरसमोर पाठ वाकवून, आत्याने ठेवलेला चहा गार होईपर्यंत. शाळेत घालतानाचा फोटो, पहिला दात पडला तेव्हाचा, धाकटीला कडेवर घेतलेला. सगळे धुतलेले. बाळ गोंडस होतं आणि कोणाचंही असू शकलं असतं.

धाकटी दारात उभी होती. "आत्या, आई कशी होती गं? रंगाने?"

"भिंतीवर बघ ना."

"भिंतीवर नको. खरी."

आत्याने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "काळी होती. माझ्याहून. उन्हात आली की कानाजवळ चमकायची. आणि हसली की..." तिने झाकण पुन्हा दाबून बसवलं. "फोटो धुवायचं तिनेच सुरू करायला लावलं ह्याला. म्हणाली, गिऱ्हाईक येत नाही तुमच्याकडे, लोकांना हवं ते द्या. चुकीचं नव्हतं गं तिचं. दुकान चाललं ना."

"मीच म्हटलं बाबांना, खरं सांगा."

"बरोबरच म्हणालीस."

"बरोबर म्हणाले तर मग तो तिथे का आहे?"

 आत्या म्हणाली, "पोळी खाल्लीस का तू?" आम्हा खाणीवरच्यांना उत्तर येत नाही तेव्हा आम्ही जेवणाचं विचारतो.

भेटीचा दिवस आला तो कडाक्याच्या थंडीत. सुधारगृह गावाबाहेर, लांबलचक भिंतीआड. बाबांनी खांबासाठी स्वेटर घेतला होता, दुकानदाराशी बराच वेळ बाह्यांवरून हुज्जत घालून. आतून निरोप आला की मुलगा बहिणीलाच भेटेल. शिपायाने तो सरकारी आवाजात सांगितला. बाबा म्हणाले, "हो हो, तिलाच जाऊ द्या. मी आहे इथे," आणि स्वेटरची पिशवी तिच्या हातात दिली.

खांब लोखंडी खुर्चीवर बसला होता. डोकं भादरलेलं. धाकटीला आधी हसूच आलं.

"डोक्यावरची गर्दी कमी केली वाटतं."

"फुकटात. बाबांनी पैसे घेतले असते." तो हसला. 

"इथली मुलं कशी आहेत?"

"निम्म्याहून जास्त खाणीवरची. शाळेत वर्गात मी एकटाच असायचो ना? इथे हजेरीला कोणी मागे वळून बघत नाही. बरं वाटलं मला. बरं वाटलं याचंच वाईट वाटलं."

"बाबा बाहेर आहेत."

"माहितीये."

"भेट ना. त्यांच्या तोंडातून चुकून गेला तो शब्द."

"तोंडातून नाही गेला. हातातून गेला. मी शेजारी बसून बघायचो की. माझ्या गालावर ते माउस फिरवायचे, आणि मी म्हणायचो, बाबा, अजून थोडा." त्याने नाक पुसलं. "मीच म्हणायचो गं."

 धाकटीला पुस्तकातलं एकही कलम आठवेना.

"भेट ना, दादा." ती त्याला दादा कधीच म्हणायची नाही.

"ते माफी मागतील. मी करीन माफ. मग ते रडतील आणि मला त्यांना धरावं लागेल. एवढं आत्ता होणार नाही माझ्याच्याने. पुढच्या वेळी बघू."

तिने स्वेटर टेबलावर ठेवला. त्याने तो उलगडून पाहिला, घडी होती तशी घातली, आणि तिच्याकडे सरकवला.

"परत ने."

"थंडी आहे."

"असू दे. ने तू."

फाटकाबाहेर बाबा भिंतीच्या सावलीत उभे होते. ऊन दोन पावलांवर होतं, पण ते सावलीतच उभे होते. धाकटीने स्वेटर दप्तरात कोंबून चेन ओढून घेतली होती.

"आला नाही?"

"वर्ग होता त्याचा. सोडत नाहीत मधून. तुम्हाला विचारत होता."

"काय विचारत होता?"

"दुकान उघडता की नाही."

बाबांनी मान हलवली. "उघडतो म्हणावं. बारीक झालाय का?"

"नाही. आहे तसाच आहे."

बस आली. दोघांना जागा मिळाली, शेवटची. बस खडखडत निघाली तशी बाबांनी खिडकीची काच वर ओढायचा प्रयत्न केला, ती अडकलेली होती. गार वारा आत येत राहिला. धाकटीने दप्तर मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"स्वेटर घातला का त्याने?"

"लगेच."

"बाह्या पुरल्या?"

"पुरल्या, बाबा."

"मला वाटलंच होतं," बाबा म्हणाले. त्यांनी स्वतःचे हात पुढे करून बघितले, मनगटापासून कोपरापर्यंत, जसं काही मोजतायत. "दुकानदार म्हणत होता एवढा उंच मुलगा नसतो. म्हटलं, तू दे."